पुनर्न्याय : दोषसिद्धीची फेरतपासणी व शाबितीचा भार

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध संग्राहकांनीं मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न केला. खालच्या न्यायालयानें साक्षीदार डोळ्यांनीं पाहिले, त्यांचा आवाज ऐकला, बोलतांना कोण अडखळला तें टिपलें. वरच्या न्यायालयापुढें यांतलें कांहींच नसतें. त्याच्यापुढें येतो तो कागदांचा गठ्ठा. असें असतां, ज्यानें माणूस पाहिला त्याचा निर्णय ज्यानें नुसता कागद पाहिला त्यानें फिरवावा, हें न्याय्य कसें? प्रश्न करणारे गृहस्थ जन्मभर कागदच पाहत आले आहेत, म्हणून त्यांच्या तोंडीं हा प्रश्न आम्हांस विशेष वाटला. ज्यांस जिवंत साक्षीदार कधींच भेटत नाहीं असे आपण इतिहासाचे अभ्यासक एका अर्थीं वरच्या न्यायालयांतच बसलेले असतों. आम्ही कांहीं वकील नव्हे. संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि स्मृतींतील व्यवहारप्रकरण आणि छापील निवाडे हीं दोन्ही आम्हीं आवडीनें वाचलीं आहेत, त्या बळावर हें टिपण लिहितों.

प्रथम आपल्याकडील जुना विचार पाहूं. ज्याचा निकाल होऊन दंडही झाला असा व्यवहार पुन्हां उघडूं नये, हा सामान्य नियम मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत आहे. पण त्याच्या लगतच्याच श्लोकांत, अमात्यांनीं किंवा प्राड्विवाकानें कार्य अन्यथा केलें असेल तर राजानें तें स्वतः पाहावें व त्यांस सहस्र पण दंड करावा, असेंही सांगितलें आहे. याज्ञवल्क्य याहून कडक आहे. वाईट रीतीनें पाहिलेले व्यवहार राजानें पुन्हां पाहावे, आणि सभ्य व जिंकणारा या दोघांसही विवादविषयाच्या दुप्पट दंड करावा. उलट, न्यायानें हरलेला माणूस आपण हरलोंच नाहीं असें मानून पुन्हां आला आणि पुन्हां हरला, तर त्याच्यावरही दुप्पट दंड. म्हणजे दार उघडें आहे, पण त्यावरची जकात जबर आहे. कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी चढती पायरीही याज्ञवल्क्यानें दिली आहे. खालच्या पायरीवर असमाधान झालेल्यानें वर जावें, वरच्या पायरीवर हरलेल्यानें खालीं येऊं नये, असा तिचा उलगडा विज्ञानेश्वर मिताक्षरेंत करतो. मराठी दफ्तरांत गोताचा निवाडा नाकबूल करून वादी परस्थळीं मनसुबी मागतो, तो याच वाटेनें जात असतो.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आजचें सर्व कांहीं आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें म्हणण्याची जी हौस आहे ती आम्हांस नाहीं. जुन्या पुनर्न्यायाचा मुख्य रोख न्याय करणाराच्या मनावर आहे. त्यानें लोभानें, ममत्वानें किंवा भयानें निर्णय दिला काय, हें तो विचारतो. सभ्य निर्लोभ होते, साक्षीदारही खोटें बोलले नाहींत, आणि तरीही काढलेलें अनुमान चुकलें, तर काय? आजच्या फौजदारी अपिलाचा कस लागतो तो या ठिकाणीं.

शाबितीच्या भाराविषयीं मात्र स्मृतिकारांचा विचार फार स्वच्छ आहे. प्रतिवादीचें उत्तर चार प्रकारचें असतें. त्यानें गोष्ट कबूल केली तर ती संप्रतिपत्ति. मग सिद्ध करण्यास कांहीं उरत नाहीं. ‘मीं घेतलेंच नाहीं’ असें तो म्हणाला तर तें मिथ्योत्तर. तेथें क्रिया, म्हणजे पुरावा देण्याचें काम, वादीकडे. ‘घेतलें, पण फेडलें’ हें प्रत्यवस्कंदन, आणि ‘याच वादांत तूं पूर्वीं हरला आहेस’ हा प्राङ्न्याय. या दोहोंत पुरावा प्रतिवादीनें द्यावयाचा. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यांतील १०१ ते १०६ हीं कलमें वाचतांना आम्हांस हे चार प्रकार पदोपदीं आठवतात. तो कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा आला. तेथें हींच कलमें १०४ ते १०९ या क्रमांकांनीं आहेत व त्यांचा आशय बदललेला नाहीं. आरोपी ‘मीं हें केलें नाहीं’ म्हणतो तें मिथ्योत्तर होय, म्हणून सर्व भार सरकारवर. ‘मारलें, पण जीव वांचविण्यासाठीं मारलें’ असें तो म्हणाला तर तें कारणोत्तर झालें. तेवढा अपवाद दाखविण्याचा भार त्याच्यावर येतो, तोही हलका. विलायतेंत देखील, मारल्याचें सिद्ध झालें कीं तो अपघात होता हें आरोपीनें दाखवावें, असा समज पुष्कळ काळ होता. तो १९३५ सालीं वूलमिंग्टनच्या खटल्यांत लॉर्डांच्या सभेनें खोडून काढला. दिव्याच्या प्रथेंत मात्र भाराची ही वांटणी अनेकदां उलटी होई, आणि तापलेला लोखंडाचा गोळा आरोप असलेल्याच्याच हातावर येई. हें आपल्या परंपरेच्या बाजूनें बोलतांना विसरूं नये.

अचोर मनुष्य व्यवहारांत चोर ठरतो याचें उदाहरण म्हणून नारद मांडव्य ऋषीचें नांव घेतो. चोरांनीं लुटीचा माल त्याच्या आश्रमांत लपविला, ऋषि मौनव्रतांत होता, राजपुरुषांनीं माल पाहिला, मौन पाहिलें आणि त्याला सुळावर चढविलें. माल सांपडला हें खरें होतें. विचारल्यावर तो बोलला नाहीं हेंही खरें होतें.

पण या विषयाचा पूर्ण विस्तार पाहावयाचा तर मृच्छकटिकाचा नववा अंक काढावा. आम्हीं तो वर्गांत किती वेळां शिकविला याची गणती नाहीं, पण त्यांतला पुरावा पुरावा म्हणून वाचण्याचें आम्हांस निवृत्तीनंतरच सुचलें. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असें समजून निघून जातो, आणि चारुदत्तानें तिला अलंकारांच्या लोभानें मारलें अशी फिर्याद अधिकरणांत गुदरतो. अधिकरणिक दुष्ट नाहीं. त्याचें मन तर चारुदत्ताकडेच झुकलेलें आहे. तरी एकेक गोष्ट पुढें येत जाते. मुलगी चारुदत्ताच्या घरीं गेली होती, असें वसंतसेनेची आई सांगते. वीरक भलतीच तक्रार घेऊन येतो आणि बोलतां बोलतां सांगून जातो कीं चारुदत्ताची गाडी वसंतसेनेस घेऊन पुष्पकरंडक उद्यानाकडे गेली. त्याला घोड्यावरून उद्यानांत पाठवितात, तो श्वापदांनीं खाल्लेला एक स्त्रीदेह पाहून परत येतो. इतक्यांत मैत्रेय येतो, त्याची शकाराशीं झटापट होते, आणि त्याच्या काखेंतून वसंतसेनेचे दागिने खालीं पडतात. चारुदत्त ते तिचेच असें कबूल करतो, पण ते कसे आले याचा धड उलगडा करीत नाहीं.

आतां हे दुवे एकेक करून हातांत घेऊं. आईची साक्ष अक्षरशः खरी आहे. दागिने खरोखरच तिचे आहेत. पण ते तिनें आपण होऊन रोहसेनाच्या मातीच्या गाड्यांत घातले होते आणि मैत्रेय ते परत करावयास निघाला होता. वीरक प्रामाणिक आहे, पण त्याची साक्ष ऐकीव आहे. गाडीवान जें म्हणाला तें तो सांगतो. गाडींत त्यानें स्वतः पाहिलेंच नव्हतें. आंत होता तो बंदिवासांतून पळालेला आर्यक, आणि गाडीवानही त्याला वसंतसेनाच समजत होता. उद्यानांत स्त्रीचें प्रेत होतें हें खरें, पण तें कोणाचें हें कोणी ओळखलें नाहीं व कोणी विचारलेंही नाहीं. या सर्वांस जोडणारा धागा एकच, शकाराची फिर्याद. आणि तीच खोटी. शेवटीं राजाचा निर्णय व्हावयाचा असतो. ब्राह्मणास वध नाहीं, त्याला हद्दपार करावें, अशी अधिकरणिकाची शिफारस. पालक राजा पुरावा पाहत नाहीं, नुसती शिक्षा वाढवितो आणि सुळाचा हुकूम देतो. वरची पायरी असून नसल्यासारखी झाली. दहाव्या अंकांत वसंतसेना स्वतः चालत येते म्हणून चारुदत्त वांचतो. प्रत्यक्ष खटल्यांत मेलेलें माणूस असें चालत येत नाहीं.

आतां नाटकांतून निघून नागपुरास येऊं. ‘हणमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्यप्रदेश राज्य’ हा १९५२ सालचा निवाडा परिस्थितिजन्य पुराव्याच्या बाबतींत आजही प्रथम उद्धृत होतो, आणि कागदांच्या अभ्यासकानें तो मुद्दाम वाचावा असा आहे. नरगुंदकर हे तेथील अबकारी कमिशनर. सिवनी येथील दारूभट्टीच्या १९४७ पासूनच्या चार वर्षांच्या कंत्राटासाठीं आलेल्या निविदांपैकीं एक मागाहून बदलून बनावट घातली, आणि एक पत्र मागील तारीख घालून तयार केलें, असा त्यांच्यावर व एका निविदादारावर आरोप होता. स्पेशल मॅजिस्ट्रेटनें कट व दोन बनावटी अशा तिन्ही बाबतींत दोघांस दोषी ठरविलें. सेशन कोर्टानें कटाचा आरोप काढून टाकला, बनावटीचे ठेवले. नागपूर हायकोर्टानें फेरतपासणींत त्यांत हात घातला नाहीं. तीन न्यायालयांचें वस्तुस्थितीवर एकमत झालें म्हणजे सर्वोच्च न्यायालय सहसा पुरावा नव्यानें तोलीत नाहीं. राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखालीं खास परवानगी मिळाली तरच तें दार उघडतें. येथें तें उघडलें, आणि न्यायमूर्ति महाजन यांनीं दोघांसही निर्दोष सोडलें.

त्या पत्रावर २० नोव्हेंबर १९४६ ही तारीख होती. तें ज्या टंकयंत्रावर उतरविलें असें सरकारचें म्हणणें, तें यंत्र त्या तारखेनंतर नागपुरांत आलें होतें. हा युक्तिवाद आपल्या चांगला ओळखीचा आहे. शके अमुकच्या कागदावर त्या शकानंतरचें जलचिन्ह दिसलें कीं आपण असेंच बोलतों. पण तें याच यंत्रावरचें टंकन, हें कोणी सांगावें? तज्ज्ञांनीं सांगितलें होतें. आणि टंकनाविषयीं तज्ज्ञाचें मत तेव्हांच्या ४५ व्या कलमांत बसत नाहीं, असें स्वतः हायकोर्टच म्हणालें होतें. तसें म्हणूनही त्यानें त्या मतावर कांहीं भिस्त ठेवली, याचें महाजन यांनीं नवल केलें आहे. जो पुरावा दारांतून बाहेर काढला तो खिडकींतून आंत येऊं देण्याचा हा प्रकार विद्वानांच्या लेखनांतही विरळा नाहीं. दुसरा मुद्दा आरोपीच्या कबुलीचा. तिचा उपयोग करावयाचा तर ती संपूर्ण घ्यावी किंवा संपूर्ण सोडावी. सोईचा अर्धा भाग उचलूं नये. टंकनाविषयींचा नियम पुढें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच बदलला व असें तज्ज्ञमत ग्राह्य मानलें. २०२३ च्या अधिनियमांतील ३९ व्या कलमानें तर तज्ज्ञतेचें क्षेत्र आणखी मोकळें केलें. मात्र त्या निवाड्यांतला मुख्य भाग टंकयंत्राचा नव्हेच.

मुख्य भाग असा. १८३८ सालीं इंग्लंडांत हॉज नांवाच्या आरोपीच्या खटल्यांत बॅरन आल्डरसन यांनीं ज्यूरीला दिलेला इशारा महाजन यांनीं पुढें मांडला. त्याचा आशय आमच्या शब्दांत सांगतों. एक गोष्ट दुसरीला जुळविण्यांत मनाला गोडी वाटते. जुळेना तर मन ती थोडी ओढून घेतें. आणि मनुष्य जितका बुद्धिमान तितका तो उरलेला दुवा स्वतःच्या पदरचा घालून सांखळी पुरी करण्याचा संभव अधिक. म्हणून प्रत्येक गोष्ट आधीं स्वतंत्रपणें सिद्ध झाली पाहिजे, आणि मग सर्व मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही वाजवी उलगडा शिल्लक राहूं नये.

याच नियमाचीं पांच अंगें १९८४ सालीं पुण्याच्या एका खटल्यांत न्यायमूर्ति फजल अली यांनीं वेगळीं करून सांगितलीं व त्यांस पंचशील म्हटलें. त्या खटल्यांत १९८२ सालीं एका तरुण विवाहितेचा सायनाइडच्या विषानें मृत्यु झाला होता. पतीला सेशन कोर्टानें फांशी दिली, मुंबई हायकोर्टानें ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्याला सोडलें. पुराव्याचा मोठा भाग म्हणजे मृत स्त्रीनें आप्तांस व मैत्रिणीस लिहिलेलीं पत्रें. तीं पुराव्यांत घेतां येतात असें ठरलें; तथापि तिचा छळ व खिन्नता तीं दाखवीत असलीं तरी विष दुसऱ्यानेंच घातलें, आत्महत्या झाली नाहीं, एवढें त्यांवरून निघत नाहीं, असें न्यायालयानें धरलें. आरोपीचा बचाव खोटा ठरला तर तो तुटलेल्या सांखळींत दुवा म्हणून घालतां येईल काय, यावरही तेथें स्पष्ट उत्तर आहे: नाहीं. सांखळी सरकारची स्वतःची पुरी असेल तर खोट्या बचावानें ती दृढ होईल, अपुरी असेल तर त्यानें पुरी होणार नाहीं. मांडव्याचें मौन व चारुदत्ताचें अडखळणें यांची किंमत या मापानें पाहावी.

आतां त्या संग्राहकांच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. पुराव्यांत दोन भिन्न कामें असतात. अमुक साक्षीदार विश्वासू आहे काय, हें एक. त्यांत प्रत्यक्ष पाहणाराचा अधिकार मोठा, आणि वरचें न्यायालय तो मानतें. पण खरे मानलेल्या गोष्टींवरून काय निघतें, हें काम दुसरें. त्यांत डोळ्यांनीं पाहिल्याचा कांहीं लाभ नाहीं. खालचा व वरचा न्यायाधीश त्या अनुमानापासून सारख्याच अंतरावर बसलेले असतात. वरचा कदाचित थोडा थंडपणें बसलेला असतो, एवढेंच. सुटकेविरुद्ध अपिलांत हाच भेद प्रिव्ही कौन्सिलनें १९३४ सालीं शिव स्वरूपच्या खटल्यांत मांडला. हायकोर्टास सर्व पुरावा पुन्हां तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु साक्षीदारांविषयींचें खालचें मत, निर्दोषतेचें गृहीत व संशयाचा फायदा यांस योग्य वजन द्यावें, आणि सुटकेनें तें गृहीत दुबळें झालेलें नसतें हें ध्यानांत ठेवावें. दोन वाजवी मतें संभवत असतील तर सुटका फिरवूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं पुन्हां सांगितलें.

याची दुसरी बाजू आहे, आणि ती मांडली नाहीं तर आमचें म्हणणें एकांगी होईल. १९७३ सालीं महाराष्ट्रांतीलच एका खुनाच्या अपिलांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं संशयाच्या फायद्याची अवास्तव भक्ति समाजास घातक आहे, असें बजावलें. त्या खटल्यांत सेशन कोर्टानें सोडलेला आरोपी हायकोर्टानें दोषी ठरविला होता व तें सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरलें. दोषी असूं शकेल आणि दोषी असलाच पाहिजे, यांमधलें अंतर पुरावा तुडवून गेला पाहिजे, हें त्याच निवाड्यांत आहे. पण कल्पनेंत येईल तो प्रत्येक संशय वाजवी नव्हे, हेंही आहे. पुण्याच्या खटल्यांतील पत्रें ज्यानें वाचलीं असतील त्याला त्या सुटकेनें समाधान वाटेलच असें आम्ही म्हणत नाहीं. मेलेल्या मुलीच्या आईबापांस संशयाचा फायदा हा शब्द कसा लागत असेल, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. तरीही भार ज्याच्यावर होता त्याच्यावरच तो राहिला, एवढें म्हणावें लागतें.

हा विषय आम्हीं हातीं घेतला यास एक खाजगी कारणही आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील वतनदार घराण्याचें दफ्तर आम्हीं पाहिलें. त्यांत वतनासंबंधीं एक महजर होता. तारीख जुनी, कागद मात्र त्या तारखेच्या शंभरएक वर्षांनंतरचा, यंत्रावर केलेला. मोडी वळण उत्तरकालीन. शिक्के उठविलेले नसून वर्तुळें काढून आंत ‘शिक्का’ असें लिहिलेलें. साक्षी सर्व एकाच हातच्या. चार गोष्टी, चारही खऱ्या. यादींत त्या कागदापुढें आम्हीं ‘बनावट’ असा शब्द लिहिला व बैठकींत तो मोठ्या आत्मविश्वासानें वाचून दाखविला. तेव्हां त्या गोष्टी एकमेकींस जुळतांना पाहून झालेला आनंद आम्हांस अजून आठवतो.

पुढें त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे कागदाची एक फाटकी पट्टी निघाली. फाटलेली कड महजराच्या वरच्या कडेशीं तंतोतंत बसली. पट्टीवर ‘नक्कल’ असें होतें. जुन्या कागदाची सरळ मनानें केलेली नक्कल नंतरच्या कागदावर, नंतरच्या वळणानें, शिक्क्याच्या जागा दाखवून, एकाच हातानें लिहिलेली असते. आमच्या चारही गोष्टींचा हा उलगडा साध्या विद्यार्थ्यासही सुचला असता. तो कागद मूळ आहे असें त्या घराण्यांतील कोणी म्हटलेंच नव्हतें. तें आम्हींच त्यांच्या तोंडीं घातलें आणि मग खोटें पाडलें. मधल्या काळांत गांवांत त्यांच्या वाडवडिलांनीं खोटे कागद केले अशी बोलवा झाली होती. दफ्तर दाखविणारे वृद्ध गृहस्थ पट्टी सांपडण्यापूर्वींच वारले. त्या बैठकीनंतर ते आम्हांस दोनदां भेटले. आमच्या शाळेची, मुलांची चौकशी त्यांनीं केली, कागदांचा विषय काढला नाहीं.

यादींतील त्या नोंदीपुढचा शब्द खोडून आम्हीं ‘नक्कल, मूळ अनुपलब्ध’ असें लिहिलें आहे, आणि दुरुस्तीची एक प्रत त्या गृहस्थांच्या मुलाकडे पाठविली आहे. मूळ महजर खरा होता कीं खोटा, हें त्या नकलेवरून ठरत नाहीं.